शीतलच्या भट्टीचं दार

मुलांनो, एका शहराची कल्पना करा. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच करा.

एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला काळा कातळकडा, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हे शहर. त्याचं नाव सागरकडा. शहरात एक लांब रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना कारागिरांच्या भट्ट्या आहेत. कुणी तलवारी घडवतो, कुणी ढाली, कुणी होडीची वल्ही. तुम्ही लढवय्ये आहात. कड्यापलीकडच्या गुहेत एक अजगर आहे आणि त्याच्याशी लढायला तुम्हाला ढाल हवी आहे. पण या शहरात तयार ढाल मिळत नाही. रानात हिंडून लोखंडाचे दगड गोळा करायचे, ते एखाद्या कारागिराला नेऊन द्यायचे आणि सांगायचं, मला अशी अशी ढाल घडवून दे. तो कारागीर म्हणजे कळसूत्री बाहुली नव्हे. तोही तुमच्यासारखाच कुठेतरी फोन हातात धरून बसलेला खराखुरा माणूस आहे.

जमलं? आता कल्पनेतच जागा बदला. तुम्ही लढवय्ये नाही, तुम्ही तो कारागीर आहात. भट्टी पेटवून बसला आहात. चाळीस दिवस झाले आणि दारात अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

शीतल अशीच बसली होती.

शीतल अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी. पेणजवळच्या एका वाडीत तिचं घर. तिची आई वनिता पेणला महादेवअण्णांच्या गणपतींच्या कारखान्यात कामाला होती. पाच वाजता शाळा सुटली की शीतल कारखान्यात यायची आणि सात वाजता आईचं काम संपेपर्यंत तिथेच थांबायची. त्या दोन तासांत ती सागरकड्यात जायची, म्हणजे मैथिलीताईनं दिलेल्या जुन्या फोनवर खेळायची.

मैथिली ही महादेवअण्णांची मुलगी. ती लग्न होऊन रोह्याला गेली होती, कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात राहायची आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करायची. सागरकडा हा त्या कंपनीचा खेळ. अनेकांनी मिळून एकाच वेळी आपापल्या घरून खेळायचा. तो अजून सगळ्यांसाठी खुला झाला नव्हता. नुसता तपासून बघण्यासाठी दोनशे जणांना दिला होता आणि त्या दोनशेंत शीतल होती. अजगर, गुहा, समुद्र हे इतरांनी केलं होतं. कारागिरांचा रस्ता मात्र मैथिलीचा. मागणी कशी द्यायची, कुणी घ्यायची, वस्तू कशी घडवायची, हे सगळं तिनं दोन वर्षं खपून रचलं होतं.

त्या जुलैमध्ये तिच्या वरच्या फ्लॅटमध्ये लाद्या फोडायचं काम सुरू होतं. डोकं उठायचं. म्हणून ती रोज सकाळच्या गाडीनं पेणला वडिलांकडे यायची, कारखान्याच्या माळ्यावर लॅपटॉप उघडून बसायची आणि संध्याकाळी परत जायची. माळ्यावरून खालचा सगळा कारखाना दिसे. ओळीनं मांडलेल्या ओल्या मूर्ती, त्या वाळाव्यात म्हणून लावलेले मोठे दिवे, भिंतीला टेकवून ठेवलेले गिऱ्हाइकांचे पाट. दरवर्षी पाऊसकाळात ही माणसं आपल्या घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून देतात. पाटामागे नाव लिहिलेलं असतं आणि त्याच पाटावर त्या घरची मूर्ती घडते. ज्याचा पाट, त्याचा गणपती.

एका सोमवारी साडेपाचला शीतल जिन्यानं वर आली आणि फोन मैथिलीच्या समोर ठेवून म्हणाली, "ताई, ही भट्टी हाय का मसणवट?"

"काय झालं?"

"काय व्हायचंय? चाळीस दिस झाले. माणूस नाय तर नाय, एखादं कुत्रं तरी सोड रस्त्यावर. तेवढीच सोबत. नि हे पिंप काढ आधी. किती वेळा सांगितलं, माझ्या पायात येतं."

भट्टीच्या कोपऱ्यात एक रिकामं लाकडी पिंप होतं. कुणीतरी शोभेसाठी ठेवलेलं. त्याचा काही उपयोग नव्हता; ढकललं तर सरकायचं, उलटवलं तर उपडं व्हायचं, इतकंच.

"शीतल, पिंपाचं नंतर बघू. मला आत्ता फोन यायचाय."

फोन आलाच. पुण्याहून सुजयचा. सुजय म्हणजे या खेळाचा मुख्य. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं होतं.

"मैथिली, आकडे बघितलेस?"

"बघितले."

"एकोणसत्तर कारागीर आहेत आणि सगळ्या मागण्या नऊ जणांकडे जातायत. ते नऊ जण मान मोडून काम करतायत, त्यांची गिऱ्हाइकं चार चार दिवस ताटकळतायत आणि बाकीचे साठ जण माश्या मारतायत. त्यातले निम्मे खेळ सोडून गेले."

"मला माहीत आहे, सुजय."

"तू तीन वेळा बदल केलास."

"तेही मला माहीत आहे."

हे तीन बदल तुम्हालाही कळायला हवेत. खेळात प्रत्येक कारागिराला एक पायरी होती. जितकं काम कराल तितके वर चढाल. गिऱ्हाइकाला कारागिरांची यादी दिसायची आणि जो तो सगळ्यात वरच्या पायरीवरचा माणूस निवडायचा. का नाही निवडणार? ढाल बिघडली तर दिलेलं लोखंड वाया. शीतल तिसऱ्या पायरीवर होती. तिला कोण विचारणार? म्हणून मैथिलीनं आधी पायऱ्या लपवल्या. तर लोकांनी मागण्या देणंच थांबवलं. मग तिनं नवख्यांना काम देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. तर चलाख लोकांनी स्वतःच दुसऱ्या नावानं कारागीर होऊन स्वतःलाच मागण्या दिल्या आणि बक्षिसं लाटली. मग तिनं पाळी लावली, म्हणजे मागणी आली की ज्याची पाळी असेल त्याच्याकडे जाणार. त्या दिवशी तिला इतक्या शिव्या खाव्या लागल्या की तिनं दुपारीच ती पाळी काढून टाकली.

"शुक्रवारी संध्याकाळी सहा," सुजय म्हणाला. "दहाव्या पायरीखालच्या निदान वीस जणांना तोपर्यंत काम मिळालं पाहिजे. नाहीतर तो रस्ता आपण काढून टाकू आणि तिथे तयार मालाचं दुकान टाकू. लोकांना ढाल हवी असते गं. ती कुणी घडवली याच्याशी त्यांना काय करायचंय?"

फोन बंद झाला. शीतल तिथेच उभी राहून सगळं ऐकत होती.

"म्हंजे माझी भट्टी जाणार?"

"वीस जणांना काम नाही मिळालं, तर जाईल."

"नि मी शिकले ते? मला आता घाव कुठं घालायचा ते बरोबर कळतं. मी माझ्या लोखंडाच्या सव्वीस ढाली केल्यात. त्या पन जाणार?"

शीतलनं फोन उचलला आणि धाडधाड जिना उतरून गेली. लहान मुलं रागावली की पाय आपटतात, आणि मोठी माणसं रागावली की लॅपटॉप आपटून बंद करतात. मैथिलीनं तेच केलं.

मंगळवारचा सगळा दिवस असाच गेला. मैथिलीनं वहीत काहीतरी लिहायचं आणि खोडायचं. अण्णा खालून जेवायला हाका मारत होते, ती "आले, आले" म्हणत होती आणि जात नव्हती. परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत ती वहीत डोकं घालून बसली आणि निडीला गाडी थांबली तेव्हा तिनं ते पान फाडून चुरगाळलं. शेजारची बाई बाजूला सरकून बसली.

बुधवारी संध्याकाळी कारखान्यात विमलकाकू आल्या.

विमलकाकू रोह्याच्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता घरीच असतात. पाट त्यांनी कधीच आणून दिला होता. ही त्यांची तिसरी फेरी, नुसती बघायला. त्यांना दारात बघताच महादेवअण्णांनी कपाळाला हात लावला, तर कपाळालाच माती लागली.

"आलात?" अण्णा म्हणाले.

"आले. तुम्हाला आनंद झालेला दिसतोय."

"रोह्यात कारखाने नाहीत का हो?"

"आहेत की. पण तिथे तुम्ही नाही ना. मग मी छळू कुणाला?" असं म्हणत विमलकाकू ओल्या जमिनीवरून साडी सावरत थेट मागच्या बाजूला, वनिताच्या घडवंचीपाशी गेल्या. "काय गो वनिता, कुठवर आला आमचा?"

वनितानं हात पुसले. रंगाचा एक रिकामा डबा ओढला, उपडा केला आणि म्हणाली, "बसा."

विमलकाकू बसल्या. चष्मा पुसला. मूर्तीकडे इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"मोदकाचा हात जरा वर गेलाय का?"

"कुठं वर गेलाय?"

"मला वाटतो बाई."

"खाली घेऊ?"

"बघ हो. आणि पोट मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे. आमच्याकडे उपास नाहीत काही."

वनिता हसली. तिनं सुरीनं मूर्तीचा तो हात कोपरापासून अलगद कापून काढला, पाणी घातलेल्या बादलीत टाकला आणि ताज्या मातीचा गोळा मळायला घेतला. 

माळ्यावरून मैथिली आणि शीतल दोघी बघत होत्या. शीतल अजून रुसलेलीच होती. पण खाली बसलं तर आईच्या मध्ये येते म्हणून वर आली होती.

"बघितलंस?" मैथिली वैतागून म्हणाली. "झालेला हात कापायला लावला. लहानपणापासून बघतेय मी हे. बाबा घास तोंडात घालता घालता म्हणायचे, देवा, सगळं दे, पण काम पुरं होईपर्यंत गिऱ्हाईक दारात देऊ नको. म्हणून तर मी सागरकड्यात दार लावून घेतलं."

ते खरं होतं. तिच्या खेळात कारागिरानं मागणी घेतली की भट्टीचं दार बंद व्हायचं. गिऱ्हाइकाला आत येता येत नसे, बघता येत नसे, बोलता येत नसे. शेवटी तयार ढाल हातात पडायची. चांगली निघाली तर चांगली. कामच हाती नसेल तेव्हाही दार बंदच. वडिलांच्या वाट्याला आलेला जाच आपल्या शहरातल्या एकाही कारागिराला होऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. दोन वर्षांत त्या दाराबद्दल तिनं एकदाही दुसरा विचार केला नव्हता.

"पन विमलकाकू आईकडं का येतात?" शीतल म्हणाली.

"पाट तिच्याकडे आहे म्हणून."

"तसं नाय. आधी पाट अण्णांकडंच द्यायच्या. आई तवा नुसत्या वाळलेल्या मूर्ती घासायची. घासून घासून तिच्या बोटांची सालं निघायची."

"मग?"

"मग काय? विमलकाकू अशाच मधेच आल्या बघायला. अण्णा म्हणाले, अजून व्हायचाय, घरी जावा. त्या नाय गेल्या. इकडं तिकडं फिरत बसल्या. तेव्हा आई मागं बसून फुटक्या मूर्तीची बोटं करत होती. उगाच, जेवायच्या सुट्टीत. काकूंनी ते बघितलं. म्हणाल्या, आमचा गणपती हिनं करायचा. अण्णा म्हणाले, ती घासणारी हाय. काकू म्हणाल्या, मग मी पाट घेऊन जाते."

मैथिली इतक्या घाईनं जिना उतरली की शेवटच्या पायरीवर पाय घसरता घसरता वाचला.

"वनिता, हे खरं आहे?"

"काय?"

"काकूंनी तुला बघितलं म्हणून तुला काम मिळालं?"

"व्हय." वनिता मोदकाचा नवा हात कोपराला जोडत होती; तिनं मान वर केली नाही. "आता अकरा पाट माझ्याकडं हायत. सगळे असेच आलेले. कुणी ना कुणी मधेच डोकावलेलं."

"बाबा?"

महादेवअण्णा चिडून म्हणाले, "मला काय विचारतेस? हिच्या बोटांत काय आहे ते मला कुठं ठाऊक होतं? मी घासायला ठेवली, ती घासत होती. चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. त्या बाईला दिसलं, मला नाही दिसलं. झालं समाधान?" आणि ते पुन्हा सोंडेवर पाणी फिरवू लागले. थोड्या वेळानं मान न वळवता म्हणाले, "म्हणून काय गिऱ्हाइकांनी रोज यावं असं नाही."

"उद्या येणार नाही," विमलकाकू म्हणाल्या. "शनिवारी येईन."

मैथिली बादलीपाशी वाकली. पाण्यात तो कापलेला हात विरघळायला लागला होता. मोदक अजून दिसत होता.

"आणि हे वाया नाही जात?"

"जातंय कुठं?" वनिता म्हणाली. "माती हाय. वाळून रंग लागला नाय तवर परत भिजते. परत मळायची."

मुलांनो, मैथिली हे सगळं जन्मापासून बघत होती. ती याच कारखान्यात रांगली होती. पण जे रोज दिसतं ते आपण बघायचं सोडून देतो. याबद्दल तिला हसू नका. तुमच्या शाळेच्या जिन्याला पायऱ्या किती आहेत, सांगा बघू?

गुरुवारी सकाळी तिनं पुण्याला रितेशला फोन लावला. खेळातले बदल प्रत्यक्ष उतरवायचं काम रितेशचं.

"दार उघडायचंय," ती म्हणाली.

"कुठलं दार?"

"सगळ्या भट्ट्यांचं. काम चालू असताना कुणीही येऊन दारात उभं राहू शकेल, बघू शकेल, बोलू शकेल. आणि ढालीला शेवटचं पाणी देईपर्यंत, म्हणजे ती पाण्यात बुडवून कडक करेपर्यंत, ती मोडता येईल. मोडली की गिऱ्हाइकाचं सगळं लोखंड परत."

रितेश म्हणाला, "कारागीर वैतागतील."

"वैतागतील."

"माझ्या मानेवर बसून कुणी सांगायला लागलं ना, इकडे जाड कर, तिकडे बारीक कर, तर मी हातोडाच फेकून मारीन."

"हातोडा नको. दार लावायचं एक बटण दे. ज्याला नको असेल त्यानं लावावं. पण आधी ते उघडं असू दे."

"उद्या सहाच्या आत?"

"उद्या दुपारी हवंय."

रितेशनं जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण शुक्रवारी दुपारी दोन वाजता सागरकड्यातल्या सगळ्या भट्ट्यांची दारं उघडली.

आणि काहीच झालं नाही.

तीन वाजले, चार वाजले. लोक रस्त्यावर येत होते, सवयीनं यादी उघडत होते, वरच्या नऊ जणांच्या रांगेत उभे राहत होते. काही जणांनी उघड्या दारांतून डोकावलं, तर आतला कारागीर कंटाळून कधीच निघून गेलेला. भट्टी गार. दहाव्या पायरीखालच्या तिघांना काम मिळालं होतं. पावणेपाचला चार. मैथिलीनं नखं खायला सुरुवात केली. अण्णांनी चहा वर पाठवला, तो तसाच गार झाला.

पाच वाजून दहा मिनिटांनी शीतल आली. दप्तर टाकलं आणि फोन घेतला.

"दार उघडलं?"

"उघडलं. कुणी येत नाहीये, शीतल."

"मी काय करू?"

"ढाल कर," मैथिली म्हणाली. तिच्याकडे सांगायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"ती तर मी करतेच," शीतल पुटपुटली आणि आपल्या लोखंडाची सत्ताविसावी ढाल करायला बसली.

साडेपाचच्या सुमाराला तिच्या भट्टीच्या दारात एक लढवय्या येऊन थांबला. डोक्यावर नाव तरंगत होतं, 'वाघनखी'. कोण होतं, कुठून खेळत होतं, देव जाणे. नऊ जणांच्या रांगेला कंटाळून फिरत आलं असणार. थोडा वेळ ते नुसतंच उभं राहिलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

"तिसरी पायरी? हट्."

शीतलनं ओठ दाबले. घाव घालत राहिली.

"हा घाव बरा होता," अक्षरं उमटली.

पुन्हा एक घाव.

"हा पण."

"बघायला दगड लागत नाय, काम करायला लागतो," शीतलनं लिहिलं. "आणलाय का?"

"बारा आणलेत. बिघडवलंस तर?"

"बिघडलं तर मोडून परत देईन. नियम बदललाय. वाच की."

वाघनखीनं बहुधा वाचलं. मिनिटभरानं शीतलच्या भट्टीपाशी लोखंडाचे बारा दगड येऊन पडले. शीतल इतक्या जोरात ओरडली की खाली वनिताच्या हातातून सुरी पडली.

"काय झालं गो?"

"आई! आला! माझा पाट आला!"

पुढची पंधरा मिनिटं मैथिलीला कुठे बघावं ते कळत नव्हतं, शीतलच्या फोनकडे की आपल्या आकड्यांकडे. दुसऱ्या भट्ट्यांपाशीही आता दोन दोन, तीन तीन माणसं थांबत होती. एक थांबलेला दिसला की दुसरा थांबतो. नऊ झाले, बारा झाले, पंधरा झाले. सहा वाजले तेव्हा सतरा होते.

सुजयचा फोन आला.

"सतरा," तो म्हणाला.

"हो."

"मी वीस म्हटलं होतं."

"हो," मैथिली म्हणाली. "दोनला उघडलं, सुजय. पहिले तीन तास फुकट गेले."

तो श्वास सोडताना ऐकू आला. "एक महिना देतो. दार राहू दे. महिन्यानं परत बघू आणि तेव्हा मला सतरा चालणार नाहीत, मैथिली. साठातले तीस हवेत. आणि आत्ताच दोन कारागिरांच्या तक्रारी आल्यात की गिऱ्हाइकं डोकं खातात."

"खाणारच," मैथिली म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा तिला आनंद झाला का? फारसा नाही. महिनाभर हेच सगळं पुन्हा, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तो गार चहा एका घोटात पिऊन टाकला. पण निदान आज तरी रस्ता जागेवर होता.

शीतलला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिच्यापुढे वेगळंच संकट उभं होतं.

"कडा वाकडी आहे," वाघनखीनं लिहिलं होतं.

शीतलनं ढाल मोडली, लोखंड तापवलं, पुन्हा केली.

"आता जाड झाली. अजगर हसेल."

पुन्हा मोडली, पुन्हा केली.

"मधला फुगवटा एका अंगाला गेलाय. माझी आजी याहून बरी भाकरी थापते."

शीतलचे कान लाल झाले. "ताई, हा माणूस मला मारायला आलाय!"

"दार लावायचं बटण आहे," मैथिली म्हणाली. तिला वाटलं, हे सांगणं आपलं काम आहे. "लावलंस तर तो बाहेर जाईल. लोखंड घेऊन जाईल मात्र."

"जाऊ दे मेला!"

"लाव दार!" खालून महादेवअण्णांचा आवाज आला. त्यांचे कान अजून तिखट होते. "माझं ऐक पोरी, लाव! आज ऐकलंस तर जन्मभर ऐकावं लागेल!"

वनिता जिन्याखाली येऊन उभी राहिली, मातीचे हात तसेच पुढे धरून, आणि वर बघत राहिली.

शीतलचं बोट त्या बटणावर होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं खांद्याला पुसलं. मग तिनं ढाल फिरवून एकदा इकडून बघितली, एकदा तिकडून बघितली. फुगवटा एका अंगाला गेलाच होता. थोडासाच, पण गेला होता.

तिनं बटणावरून बोट उचललं. तिसरी ढालही मोडली आणि लोखंड भट्टीत टाकलं. मग कोपऱ्यातलं ते बिनकामाचं पिंप ढकलत ढकलत दारापाशी आणलं, उपडं केलं आणि वाघनखीला लिहिलं, "बसा."